चार तासांपुढचा बाबा

बाळ रडायला लागलं की घरातला पुरुष त्याला उचलतो, दोन झोके देतो आणि "याला तूच हवीयेस" म्हणत आईच्या हातात सोपवतो. हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बाळाची भूक, झोप, पोटदुखी आईला रडण्यावरून कळते आणि बापाला सगळं रडणं सारखंच ऐकू येतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ही समजूत फक्त आपलीच नाही. मागच्या शतकात परदेशांत झालेल्या काही प्रयोगांतही आया आपल्या बाळाचं रडणं वडिलांपेक्षा अचूक ओळखतात असं आढळलं होतं, आणि आईपण उपजतच असतं असा निष्कर्षही त्यावरून काढून झाला होता.

२०१३ साली फ्रान्समधल्या सेंट एतियन विद्यापीठाच्या एरिक गुस्ताफसन आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग पुन्हा केला. फ्रान्स आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक, अशा दोन अगदी वेगळ्या देशांतले आई-वडील त्यांनी घेतले. काही महिन्यांच्या बाळांचं अंघोळीच्या वेळचं रडणं ध्वनिमुद्रित केलं आणि यातलं तुमचं बाळ कोणतं, असं आई-वडिलांना विचारलं. जोडीला एक साधा प्रश्न होता, जो आधीच्या मंडळींनी हिशेबात धरलेला नव्हता: तुम्ही रोज किती वेळ बाळाजवळ असता? उत्तरं मांडल्यावर आई आणि बाबा यांच्यातला फरक जवळपास विरघळून गेला. रोज चार तासांहून जास्त वेळ बाळाबरोबर घालवणारे वडील नव्वद टक्के वेळा बरोबर ठरले. त्याहून कमी वेळ देणारे पंचाहत्तर टक्क्यांवर अडकले.

चार तासांची ही रेघ जादूची नव्हे. तीन तास पन्नास मिनिटांना बाप बहिरा असतो आणि दहा मिनिटांनी त्याचे कान उघडतात, असं कुणी म्हणत नाही. पण 'उपजत' म्हणून जे बाईच्या पदरात टाकलं जातं, त्यातलं बरंचसं सरावाचं असतं हे त्यातून दिसतं. मी घरी राहणारा बाबा आहे. थोरला साडेतीन वर्षांचा, धाकटी अकरा महिन्यांची. दोघांचे पगार, पाळणाघराची फी आणि पुण्यातल्या रस्त्यांवर रोज जाणारा वेळ यांचा हिशेब मांडला तेव्हा एकानं घरी राहावं असं ठरलं. बायकोची बँकेतली नोकरी माझ्या नोकरीपेक्षा पक्की होती, म्हणून तो एक मी. "तुम्हाला कसं काय जमतं हो?" असं बायका कौतुकानं आणि पुरुष जरा धास्तीनं विचारतात. माझं उत्तर अगदी रुक्ष आहे: दिवसभर बाळ सोपवायला दुसरं कुणी हाताशी नसतं, म्हणून जमतं. नुसत्या तासांइतकंच हे एकटं असणंही महत्त्वाचं. आई शेजारच्या खोलीत असताना बाप आठ तास घरी असला तरी रडणं अखेर तिच्याकडेच पोचतं.

या सरावाच्या खुणा शरीरातही सापडतात. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात ली गेट्लर आणि सहकाऱ्यांनी सहाशे चोवीस तरुणांचं टेस्टोस्टेरॉन आधी एकदा आणि काही वर्षांनी पुन्हा मोजलं. त्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दरम्यान जे बाप झाले त्यांची पातळी इतरांपेक्षा बरीच जास्त उतरली होती. जे रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलांचं खाणंपिणं, अंघोळ, खेळणं स्वतः बघत होते त्यांची पातळी आणखी कमी होती. यात कुणाला पुरुषत्वाला धोका दिसत असेल, तर त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही त्यांनी वाचावी: मुळात ज्यांचं टेस्टोस्टेरॉन जास्त होतं, तेच पुढे संसारात पडून बाप होण्याची शक्यता अधिक होती. शरीर एका कामासाठी वर चढवतं आणि दुसऱ्यासाठी खाली उतरवतं.

इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन यांच्या गटानं २०१४ मध्ये मेंदूकडे पाहिलं. मुख्य जबाबदारी घेणाऱ्या आया, मदतनीस भूमिकेतले वडील आणि आईविना मूल वाढवणारे समलिंगी वडील, अशा एकोणनव्वद पालकांना त्यांच्याच बाळाबरोबरची चित्रफीत दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. भीती, दक्षता, धोक्याची चाहूल यांच्याशी संबंधित अमिग्डाला नावाचा भाग आयांमध्ये जास्त जागा असतो. समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घेणारं जाळं मदतनीस वडिलांमध्ये जास्त काम करत होतं. ज्या पुरुषांवर पूर्ण जबाबदारी होती, त्यांच्यात दोन्ही जागं होतं. या दोन भागांमधला दुवाही बाप जितका वेळ प्रत्यक्ष मुलाचं करतो तितका घट्ट दिसला. रात्री पाळण्यातून नुसतं 'उं' आलं तरी आता आधी मी उठून बसतो आणि बायको गाढ झोपलेली असते. एकेकाळी हे नेमकं उलट होतं.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडलेली माणसं मध्य आफ्रिकेच्या जंगलात राहतात. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि काँगोच्या अरण्यातले आका लोक जाळी लावून शिकार करतात. या शिकारीत बायका-पुरुष दोघंही असतात आणि लेकरंही बरोबर असतात. बॅरी ह्यूलेट या मानववंशशास्त्रज्ञानं त्यांच्यात राहून, वेळ मोजून नोंदी केल्या आणि १९९१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आका बाप जवळपास सत्तेचाळीस टक्के वेळ तान्ह्या बाळाला घेऊन तरी असतो, नाहीतर हात लांबवला की पोचेल इतक्या अंतरावर तरी. बाळ फारच किरकिरलं आणि आई दूर असली तर तो त्याला स्वतःच्या छातीलाही लावतो. दूध नाही, पण चोखण्यानं बाळ शांत होतं.

ह्यूलेटच्या नोंदींतली खरी गंमत खेळण्याविषयीची आहे. पाश्चात्त्य मानसशास्त्रात तोवर पक्कं मानलं जात होतं की आई जोजवते आणि बाप उडवतो, म्हणजे मुलाला हवेत फेकून झेलणं, गुदगुल्या, कुस्ती हा बापाचा जणू जन्मजात स्वभाव आहे. आका बाप असं जवळजवळ करतच नाहीत. ह्यूलेटचं म्हणणं असं की दिवसभर बाहेर असणाऱ्या माणसाला थोड्या वेळात मुलाशी सलगी करायची असते, म्हणून तो जोरात खेळतो. जो सतत जवळ असतो त्याला त्याची गरज पडत नाही. एका घरावरून काही सिद्ध होत नाही हे मान्य. पण आमच्याकडे संध्याकाळी सातला बायको बॅग टाकून हातपाय धुते आणि पुढचा अर्धा तास घरात नुसता धिंगाणा असतो: घोडा घोडा, उशांची मारामारी, धाकटीला विमान करून खोल्याखोल्यांतून फिरवणं. मी तेव्हा कुकर लावत असतो आणि "आत्ताच जेवलीय ती, उलटी होईल" असं ओरडत असतो.

दिवसातला सगळ्यात मोठा कार्यक्रम खाण्याचा. बाळाला सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, आणि त्यानंतर दुधाच्या जोडीनं वरचं अन्न, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडची उष्टावणही साधारण त्याच सुमाराला, मामाच्या मांडीवर बसवून होते. सहा महिन्यांचा हा आकडा हवेतून आलेला नाही. आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा तोवर संपत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. म्हणून नाचणी सत्त्व, मुगाचं वरण, मऊ भात यांच्याबरोबर पालक, अंडं, चालत असेल तर मटणाचं सूप, हे लवकर सुरू करावं लागतं. मध मात्र वर्षापर्यंत नाही, गुटीतून किंवा बोटाला लावूनही नाही. त्यात कधीकधी बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात आणि त्यांना रोखण्याइतकं बाळाचं आतडं तयार झालेलं नसतं. हे मी दोन्ही बाजूंच्या आज्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. नंतर मधाची बाटली मी माझ्या कपाटात ठेवली.

अकरा महिन्यांच्या माणसाचं दुपारचं जेवण असं असतं. मऊ भात, वरण, वर तूप, बोटानं कुस्करलेलं गाजर. पहिला घास चिऊचा, दुसरा काऊचा, तिसऱ्याला चमचा हिसकावला जातो आणि खुर्चीच्या बाहेर धरून सोडला जातो. ती चमच्याकडे बघत नाही, फरशीकडे बघते. आवाज आला की माझ्याकडे बघते. मी चमचा धुऊन परत देतो. आता तो डाव्या बाजूनं सोडला जातो. मग वाटी. वाटी पडल्यावर गोल फिरते आणि तिचा आवाज लांबतो, तेव्हा ती श्वास रोखून थांबते. मग भाताचा गोळा, जो आवाजच करत नाही. यावर तिच्या चेहऱ्यावर जी शंका उमटते ती बघण्यासारखी असते. गोळ्याचा प्रयोग लगेच दुसऱ्यांदा होतो.

स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजेनं आपल्या मुलाच्या, लॉरांच्या, नेमक्या याच उद्योगाची नोंद केलेली आहे. दहा महिन्यांचा लॉरां सेल्युलॉइडचा हंस, डबी अशा वस्तू हात लांब करून सोडायचा, दर वेळी हाताची जागा बदलायचा आणि त्या कुठे पडतात हे बघायचा. नुसतं तेच ते करण्याऐवजी मुद्दाम थोडं वेगळं करून परिणाम तपासणं, ही बुद्धीच्या वाढीतली मोठी पायरी आहे असं पियाजेनं मांडलं, आणि विसाव्या शतकातलं बालमानसशास्त्र बऱ्याच अंशी त्याच्या तीन मुलांच्या अशा नोंदींवर उभं राहिलं. त्या कामात त्याची बायको व्हॅलेंतिन हिचाही हात होता. त्याच्याही आधी चार्ल्स डार्विननं १८३९ मध्ये जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाच्या, विल्यमच्या, रडण्याहसण्याची वही ठेवली होती. ती १८७७ मध्ये 'माइंड' या नियतकालिकात लेखरूपानं आली. डार्विन तर घरूनच काम करणारा माणूस. फक्त त्याच्या घरात नोकरचाकर आणि मुलांना सांभाळणाऱ्या बायका होत्या. या थोर नोंदींमधला खाली पडलेला हंस दर वेळी वाकून कुणी उचलून दिला, एवढं मला जाणून घ्यायचं आहे.

थोरल्याचा प्रश्न वेगळा. दोन वर्षांचा होईपर्यंत जे मूल समोर येईल ते गिळत होतं, ते अचानक दुधी बघून तोंड फिरवतं. घरात लगेच निदान होतं: लाडावलाय, बाबा ओरडत नाही ना. खरं तर अनोळखी अन्नाची भीती या वयात बहुतेक मुलांना वाटते. पायावर चालायला लागलेलं, हाताला लागेल ते तोंडात घालू शकणारं पोर अनोळखी पाल्याला घाबरलं, तर ते जगायला सोयीचंच, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. उपाय कंटाळवाणा आहे. तोच पदार्थ आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा, थोडासा, जबरदस्ती न करता ताटात येत राहिला पाहिजे. "अमक्याला दुधी आवडत नाही" हा निकाल बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या वेळीच लागतो आणि पुढे लग्नापर्यंत टिकतो. शेंगदाण्याच्या बाबतीत मात्र मी जबरदस्ती करतो, न देण्याची. अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकण्याचं प्रमाण लहान मुलांत फार आहे. त्यामुळे कूट चालतं, दाणे नाहीत, आणि द्राक्षं उभी चिरून.

दुपारी दीड ते साडेतीन हे दोन तास बाहेरच्या माणसाला सुखाचे वाटतात. मुलं झोपली की तुम्हालाही आराम! एक झोपतं तेव्हा दुसरं जागं असतं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून अकरा ते चौदा तास झोप लागते. साधारण सव्वा-दीड वर्षाच्या आसपास दिवसातल्या दोन झोपांची एक होते, आणि तोवर थोरल्याची दुपारची झोप उडायच्या बेताला आलेली असते. दोघांचं घड्याळ जुळणं हा योगायोग असतो, आणि जुळलं की नेमका कुरिअरवाला बेल दाबतो.

या दुपारींविषयी पुरुष बोलत नाहीत. दिवसभरात मोठ्या माणसाशी झालेलं सगळ्यात लांबलचक संभाषण भाजीवाल्याशी झालेलं असू शकतं. बाळंतपणानंतरचं नैराश्य बायकांना येतं हे आता थोडंफार माहीत झालंय. पण जेम्स पॉलसन आणि शार्नेल बेझमोर यांनी २०१० मध्ये अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी केली तेव्हा सुमारे दहा टक्के वडिलांमध्येही बाळाच्या जन्माच्या आगेमागे नैराश्य आढळलं. आई खचलेली असेल तर वडिलांनाही ते येण्याची शक्यता वाढते. ते नेहमी रडण्यातून दिसत नाही. चिडचिड, मोबाइलमध्ये डोकं घालणं, घराबाहेर पडायची घाई, पोटाच्या तक्रारी यांतून दिसतं, आणि घरचे म्हणतात, "याला पोराचं काही पडलेलंच नाही."

अंघोळ, जेवण, शी-शू काढणं ही दिसणारी कामं. ती शिकायला पुरुषाला एक आठवडा पुरतो. न दिसणारी कामं शिकायला मला खूप जास्त वेळ लागला आणि तिथेच घरी राहणारा बाबा आणि 'मदत करणारा नवरा' यांच्यातला फरक कळतो. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ अॅलिसन डॅमिंजर यांनी पस्तीस जोडप्यांच्या सविस्तर मुलाखती घेऊन २०१९ मध्ये या डोक्यातल्या कामाचे चार टप्पे मांडले: पुढे काय लागणार हे आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि मग ते झालं का यावर लक्ष ठेवणं. निर्णय बहुतेक जोडपी मिळून घेतात. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र प्रामुख्यानं बायकोच्या डोक्यात चालतो.

लसीकरणाचंच घ्या. बाळाला दवाखान्यात नेणं, सुई टोचताना धरून ठेवणं हे नवरा करतो आणि त्याचा फोटोही निघतो. पण नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि 'अ' जीवनसत्त्व द्यायचं असतं, हे आठवड्याभरापूर्वी आठवलेलं असणं हे काम आहे. बाळाला सर्दी झालीय, तर लस द्यायची की थांबायचं, हे विचारून ठेवणं हे काम आहे. पिवळं कार्ड कोणत्या पिशवीत आहे, तापाचं औषध वजनाप्रमाणे किती थेंब, घरातली बाटली मुदतीतली आहे का, दुसऱ्या दिवशी ती किरकिरणार म्हणून पोळीवाल्या मावशींना लवकर बोलवायचं, दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान म्हणून मोबाइलमध्ये नोंद. हे सगळं ज्याच्या डोक्यात असतं तो पालक. बाकीचे "काही लागलं तर सांग" म्हणणारे. हे वाक्य मी स्वतः कधीकाळी फार उदारपणे म्हणत असे. आता बायको ते म्हणते, तेव्हा आम्ही दोघंही हसतो, पण मी जरा कमी हसतो.

घराबाहेरचं जग अजून बाबा येईल असं गृहीत धरत नाही. सकाळी अकराला सोसायटीच्या बागेत आजी-आजोबा असतात, मुलं सांभाळणाऱ्या मावशी असतात आणि मी असतो. "आज सुट्टी का?" हा पहिल्या आठवड्याचा प्रश्न. नंतर "वर्क फ्रॉम होम ना?" हा प्रश्न येतो. तो विचारणाऱ्यानं माझी अडचण व्हायला नको म्हणून उत्तरासकट आणलेला असतो. मॉलमध्ये डायपर बदलायची फळी असलीच तर बायकांच्या स्वच्छतागृहात असते. पुरुषानं बाळाला गाडीच्या मागच्या सीटवर आडवं करायचं. दवाखान्यातली ताई माझ्याकडून बाळाचं वजन, शी, भूक, सगळं लिहून घेते आणि शेवटी विचारते, "आईचा नंबर द्या ना, मेसेज तिकडे जाईल."

तिलाही दोष देता येत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के बायकांनी आदल्या दिवशी घरातल्या कुणाची तरी काळजी घेण्याचं काम केलं होतं, रोज सरासरी १४० मिनिटं. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के आणि वेळ ७४ मिनिटं. ही सरासरी फक्त ते काम करणाऱ्या पुरुषांची आहे. न करणारे त्यात धरलेलेच नाहीत. आणि त्या ७४ मिनिटांत आजारी वडिलांचं करणंही आलं. गुस्ताफसनच्या चार तासांपासून हे किती लांब आहे ते दिसतंच.

हे बदलता येतं का, याचं सगळ्यात जुनं उत्तर स्वीडनमध्ये आहे. १९७४ मध्ये या देशानं बाळंतपणाची रजा मोडीत काढून पालक-रजा आणली, जी आई-बाबांपैकी कुणीही घ्यावी. कायदा झाला आणि बाबा घरी बसलेच नाहीत. पहिल्या वर्षी रजेच्या एकूण दिवसांपैकी पुरुषांनी घेतलेले दिवस होते अर्धा टक्का. सरकारनं जाहिराती केल्या. १९७८ च्या एका पोस्टरवर 'होआ-होआ' या टोपणनावानं प्रसिद्ध असलेला लेनार्ट डालग्रेन हा वेटलिफ्टर पिळदार दंडावर तान्हं बाळ घेऊन हसतोय. ते पोस्टर आजही तिथे सगळ्यांना माहीत आहे, पण एका पोस्टरनं पुरुष घरी थांबत नाहीत. खरा फरक पडला १९९५ मध्ये, जेव्हा एक महिना असा बाजूला काढला की तो त्या-त्या पालकानंच घ्यायचा, नाहीतर बुडाला. २००२ मध्ये असा दुसरा महिना आला, २०१६ मध्ये तिसरा. आता दोघांना मिळून ४८० दिवस भरपगारी नव्हे पण बऱ्यापैकी भरपाई असलेली रजा मिळते. त्यातले ३९० दिवस पगाराच्या सुमारे ८० टक्के, वरच्या मर्यादेसह. प्रत्येकाचे ९० दिवस दुसऱ्याला देता येत नाहीत. पुरुषांचा वाटा अर्ध्या टक्क्यावरून जवळपास तीस टक्क्यांवर आला. स्टॉकहोमच्या कॅफेंमध्ये बाबागाड्या लावून बसलेल्या या बाप्यांना तिकडे 'लात्ते पापा' म्हणतात. तिथे नोकरीला गेलेल्या मराठी मुलांनाही ही रजा मिळते, आणि "जावई सहा महिने घरी? नोकरी गेली का?" असे फोन इकडून जातात.

मला स्वीडनच्या या गोष्टीतली मेख समजली ती 'बुडाला' या शब्दात. आग्रह करून, समजावून, होआ-होआला उभं करून पुरुष हलला नाही. आपला महिना बायकोला देता येत नाही म्हटल्यावर हलला. चांगुलपणावर सोडलेलं काम बहुतेक वेळा बाईकडे जातं. तीस टक्के म्हणजे अजूनही निम्मं नाही, हेही खरं.

अमेरिकेतला आकडा वेगळंच सांगतो. प्यू संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २०२१ मध्ये घरी राहणाऱ्या पालकांपैकी १८ टक्के बाबा होते, पण त्यातले घर आणि मुलं सांभाळण्यासाठी म्हणून घरी असलेले जेमतेम २३ टक्के. बाकीचे आजारपण, अपंगत्व, बेकारी, निवृत्ती, शिक्षण अशा कारणांनी घरी होते. घरी असलेला प्रत्येक बाप चमचे उचलत नसतो.

आता आपल्याकडे या. खासगी नोकरीतल्या बाईला २०१७ च्या दुरुस्तीनं २६ आठवड्यांची रजा मिळाली. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं, हेही त्यात आलं. बाळाला भेटायला दिवसातून चार वेळा जाण्याची मुभाही आली, पण ती बाईला. त्याच इमारतीत बाळाचा बाप काम करत असेल तर त्याच्याविषयी कायदा गप्प आहे. खासगी क्षेत्रात वडिलांच्या रजेची सक्तीच नाही, ते कंपनीच्या मर्जीवर. केंद्र सरकारी नोकरांपैकी बायकांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. २०१८ पासून ती पुरुषांनाही मिळते, पण फक्त एकट्या पालकाला: अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित. म्हणजे बायको जिवंत आणि नांदती असेपर्यंत मूल तिचं.

विवाहित बापासाठी आहेत पंधरा दिवस. त्यांतले काही दवाखान्यात जातात, काही जन्मदाखल्याच्या रांगेत, आणि बाराव्या दिवशी बारसं. त्या काळात बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं आणि घरात आई, आजी, मालीशवाल्या मावशी असा सगळा सरंजाम असतो. बाप चहा करतो आणि पेढे वाटतो. नियमाचं खरं वैशिष्ट्य मात्र मुदतीत आहे. ही रजा बाळंतपणाच्या आधी पंधरा दिवसांपासून ते जन्मानंतर सहा महिन्यांपर्यंतच घेता येते, नंतर ती रद्द. सरकारी नोकरीतल्या बाईची प्रसूती रजा १८० दिवसांची, म्हणजे तीही तेवढीच. ज्या सुमाराला तिची रजा संपते, वरचं अन्न सुरू होतं, बाळ अनोळखी माणसांना बुजायला लागणार असतं आणि दिवसभर एका मोठ्या माणसाची गरज पडते, त्याच सुमाराला बापाची न घेतलेली रजाही संपते. दोघंही एकाच आठवड्यात कामावर हजर, आणि मधल्या तासांसाठी गावाहून आजीला तिकीट पाठवलं जातं.